२८ आठवड्यांचं बाळ आणि एनआयसीयूतले दोन-अडीच महिने: आई-वडिलांनी रोज नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आईचा बीपी वाढल्यामुळे २८ आठवडे पूर्ण होताच सिझेरियन झालं. बाळाचं वजन ९८० ग्रॅम. आज नववा दिवस. बाळ सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) आहे, नळीने दर दोन तासांनी ४ मिली दूध देतात. डॉक्टर म्हणतात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन-अडीच महिने लागतील. आईला डिस्चार्ज मिळाला आहे, घर ३५ किलोमीटरवर. दिवसातून दोनदा काचेतून बाळ दिसतं, बाकी वेळ बाहेर बाकावर. आम्ही करण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि त्यातलं बरंचसं डॉक्टर-सिस्टरना करताच येत नाही. आईचं दूध, आई-वडिलांच्या छातीची ऊब, आणि रोज त्याच बाळाकडे बघणारी तीच माणसं या तीन गोष्टी औषधांच्या यादीत येत नाहीत. तरी या वजनाच्या बाळाच्या उपचारात त्यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे बाकावर बसणं आजपासून कमी करायचं. "सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही" असं कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत जितके आठवडे जास्त तितकं बाळ सुरक्षित.

आधी दूध, कारण त्याची वेळ निघून चालली आहे. आईला पुढे किती दूध येणार हे बऱ्याच अंशी पहिल्या दोन आठवड्यांत ठरतं. तुमचा नववा दिवस म्हणजे हातात पाच-सहा दिवस. बाळ आज दिवसाला ५० मिलीसुद्धा पीत नाही, म्हणून आई दिवसातून तीन-चारदाच दूध काढते आणि घरचे म्हणतात, "पुरतंय की." इथेच चूक होते. छाती जितक्या वेळा रिकामी होईल तितकं दूध तयार होतं. बाळ घरी जाताना १८०० ग्रॅमचं असेल तेव्हा त्याला दिवसाला ३०० मिलीच्या आसपास लागेल आणि तीन किलोचं झाल्यावर ५०० मिली. तेव्हा वाढवू म्हटलं तर वाढत नाही. चौदाव्या दिवसापर्यंत २४ तासांत ५०० मिली किंवा जास्त, हे उद्दिष्ट ठेवा. आज २०० मिलीच निघत असेल तरी हरकत नाही, आकडा रोज वर जातोय ना एवढं बघा.

त्यासाठी २४ तासांत किमान आठ वेळा दूध काढायचं, जमलं तर दहा वेळा. घड्याळ लावून ठरलेल्या मिनिटाला काढलंच पाहिजे असं नाही, पण दोन वेळांत रात्रीसुद्धा पाच तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. रात्री दूध वाढवणारं संप्रेरक जास्त असतं, म्हणून मध्यरात्रीनंतरची एक वेळ चुकवायची नाही. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू मिळून २०-३० मिनिटं. दोन्हीकडून एकदम काढणारा इलेक्ट्रिक पंप मिळाला तर वेळ निम्मा होतो. दोन-तीन महिन्यांसाठी तो भाड्याने मिळतो का, ते वॉर्डात विचारा. पंपाची वाटी स्तनाग्राला घासत असेल, दुखत असेल तर तिचा आकार चुकला आहे. सहन करत बसू नका, मोठी किंवा लहान वाटी घ्या. पंप नसेल तर हाताने काढा: अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून तीन-चार सेंटीमीटर मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. बोटं कातडीवरून ओढायची नाहीत. ओढल्याने दूध येत नाही, नुसतं सोलवटतं. पंप वापरणाऱ्यांनीही शेवटची दोन मिनिटं हाताने काढावं, कारण शेवटच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो आणि तुमच्या बाळाला वजनासाठी तोच हवा आहे.

दूध काढायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे बाळाला छातीशी घेतल्यानंतर लगेच, आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे बाळाच्या शेजारची खुर्ची. घरी असाल तर बाळाचा फोटो समोर ठेवा किंवा त्याचं वापरलेलं टोपडं हाताशी ठेवा. भाबडं वाटेल, पण पान्हा फुटायला याची मदत होते. अळीव, डिंकाचे लाडू, शतावरी खुशाल खा, बाळंतिणीला अन्न लागतंच, पण लाडवांनी दूध वाढतं आणि पंप विसरला तरी चालतो असा हिशेब करू नका. दूध वाढवायच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

भांडी स्टीलची, काचेची किंवा झाकणाच्या कडक प्लास्टिकची. साबण आणि गरम पाण्याने धुऊन, पाणी उकळायला लागल्यापासून दहा मिनिटं उकळून, पालथी घालून सुकवायची. फडक्याने पुसायची नाहीत. प्रत्येक बाटलीवर बाळाचं नाव, तारीख, वेळ. बाटली लहान घ्या. ४ मिली लागणाऱ्या बाळाला १०० मिलीची बाटली उघडली की उरलेलं टाकून द्यावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला चार तासांहून जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये दारात न ठेवता आतल्या बाजूला मागे ठेवायचं. एनआयसीयूतल्या बाळासाठी फ्रिजमधलं दूध किती तास चालतं याचा प्रत्येक विभागाचा नियम असतो, कुठे २४ तास तर कुठे ४८ ते ९६. तुमच्या विभागाचा नियम विचारून तोच पाळा. उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ते तीन महिने टिकतं. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. ३५ किलोमीटरच्या प्रवासाला जेलचे गोठवलेले पॅक घातलेली छोटी आइसबॉक्स घ्या. सुटा बर्फ वितळून बाटल्या पाण्यात तरंगतात आणि लेबलं निघतात. दुधावर थर आला म्हणजे ते नासलं असं नाही, अलगद फिरवलं की एकजीव होतं. मायक्रोवेव्हमध्ये कधीच गरम करायचं नाही.

आईचं दूध कमी पडलं तर पावडरकडे वळण्याआधी दुग्धपेढीचं दूध मिळेल का, ते विचारा. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आज राज्यात अनेक ठिकाणी अशा पेढ्या आहेत. दात्या आईची तपासणी करून ते दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. पावडरवर असलेल्या कमी वजनाच्या बाळांना आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा आजार, डॉक्टर ज्याला 'एनईसी' म्हणतात तो, आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा जास्त होतो. शेजारणीचं किंवा बहिणीचं दूध परस्पर आणून देणं मात्र नको, त्यातून संसर्ग येऊ शकतो.

पुढे बाळ दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या आसपास दूध पचवू लागलं की दुधात 'फोर्टिफायर'ची पूड घालायला सुरुवात होईल. याचा अर्थ आईचं दूध पातळ आहे असा नाही. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला नाळेतून मिळणारं कॅल्शियम, फॉस्फरस आणि प्रथिनं कुठल्याच आईच्या दुधातून तेवढी मिळू शकत नाहीत. पूड मोजून सिस्टरच घालतील. घट्ट झालं तर बरं म्हणून जास्त घातली तर आतड्याला इजा होते.

दुसरं काम छातीशी धरण्याचं, म्हणजे कांगारू मदर केअर. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. पण ती पेटीला गरिबाचा पर्याय आहे हा समज आता सोडायला हवा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आफ्रिकेतल्या चार देशांतल्या रुग्णालयांसोबत दिल्लीचं सफदरजंगही होतं. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्यापासूनच छातीशी ठेवलं, तेव्हा मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. तुमचं बाळ त्या वजनाच्या किंचित खाली आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस सगळ्याच कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी आहे: दिवसाला ८ ते २४ तास, शक्य तितक्या लवकर. बाळ सीपॅपवर आहे हे न देण्याचं कारण होत नाही. व्हेंटिलेटर, शॉक, स्वतःचा श्वासच नसणं, अशा वेळी थांबतात. तेव्हा उद्याच्या राऊंडला सरळ विचारा: "कांगारू आज सुरू करता येईल का? नसेल तर कशासाठी थांबलोय?" सरकारी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, असाल तर आई-वडिलांना आत घेऊन शिकवण्याबद्दल, म्हणजे फॅमिली पार्टिसिपेटरी केअरबद्दल, केंद्र सरकारच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनाच आहेत. काचेबाहेर उभं राहणं हा नियम नव्हे. खासगी ठिकाणीही नम्रपणे पण रोज विचारत राहा. गर्दीच्या वॉर्डात जो विचारतो त्याला खुर्ची मिळते, हे कटू असलं तरी खरं आहे.

बसण्याआधी आईने लघवीला जाऊन यायचं, पाणी प्यायचं, काहीतरी खायचं, कारण मग निदान एक तास उठायचं नाही. बाळाला पेटीतून बाहेर काढून पुन्हा आत ठेवण्यात त्याची ताकद जाते, त्यामुळे एका तासापेक्षा कमी वेळ घेण्यात अर्थ नाही. समोरून उघडणारा ब्लाऊज किंवा गाऊन. मंगळसूत्र, साखळी काढून ठेवा. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी, मोजे. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका कुशीला. मान किंचित वर उचललेली हवी. हनुवटी छातीला टेकली की श्वासनळी दुमडते आणि मॉनिटर वाजायला लागतो. वरून मऊ सुती साडीचा पट्टा किंवा कांगारू केअरचा (केएमसीचा) पट्टा बांधायचा, त्याची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यावी. खुर्ची मागे रेलून, सपाट झोपून नाही. सीपॅपची नळी तुमच्या खांद्याला चिकटपट्टीने लावून घ्या, तिचं वजन बाळाच्या नाकावर येता कामा नये. पहिल्या काही वेळा दोन माणसं लागतात, एक बाळ उचलायला आणि एक नळ्या सांभाळायला. सिस्टर मोकळ्या असताना बसा.

वडिलांनीही हे करायचं. छातीवर केस असले तरी चालतं, अत्तर आणि बिडी-सिगारेटचा वास चालत नाही. आजी, मावशी, काकूही करू शकतात, मात्र सर्दी, ताप, तोंडावरचा नागीण-फोड, त्वचेवरचं गळू असलेल्या कुणीही नाही. सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही रीत इथे मोडावी लागेल. आईची विश्रांती बाळाजवळ आरामखुर्चीत होऊ द्या. ३५ किलोमीटरच्या रोजच्या बसप्रवासाने टाके दुखतात आणि दूध आटतं, म्हणून एमएनसीयू (आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा कक्ष), मातांचा वॉर्ड, धर्मशाळा, जवळच्या नातेवाइकांची खोली यातलं काहीही जमत असेल तर पहिल्या महिन्यापुरता खर्च तिथे करा.

बाळ पेटीतच असेल त्या वेळी हात फिरवू नका, थोपटू नका. इतक्या कोवळ्या त्वचेला चोळलेलं बोचतं. धुतलेला कोमट हात एक डोक्याला, एक पायांना, नुसता ठेवायचा आणि हलवायचा नाही. टाचेतून रक्त काढण्याआधी आईच्या दुधाचे एक-दोन थेंब जिभेवर दिले की वेदना कमी होते. तुम्ही हजर असाल तर सिस्टरना तशी विनंती करा. जन्मावेळी या वजनाच्या बाळाच्या अंगात रक्त साधारण ८० ते ९० मिली असतं. एक मिली काढलं तरी शंभरातला एक भाग जातो. "आजच्या तपासण्या एकदमच होतील का?" हा प्रश्न म्हणून वाजवी आहे. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्त चढवायचं म्हणाले तर घाबरून जाऊ नका, या वजनाच्या बाळांत ते नेहमीचं आहे.

हात धुण्याबद्दल थोडक्यात, पण सक्तीने: घड्याळ, अंगठ्या, हिरवा चुडा कोपरापर्यंत काहीही नको. चुड्यावरून घरात वाद होतो, पण बांगड्यांखाली साबण पोचत नाही. आत शिरताना कोपरापर्यंत दोन मिनिटं साबण-पाणी, बाळाला स्पर्श करण्याआधी प्रत्येक वेळी हँडरब, ३० सेकंद. नखं कापलेली. आणि मोबाइल! धुतलेल्या हाताने मोबाइल धरला की हात धुतलेला राहत नाही. तो बाहेर ठेवा, किंवा पारदर्शक पिशवीत घालून आणा.

आता मॉनिटर. आई-वडिलांचा निम्मा दिवस त्याच्याकडे बघण्यात जातो. ऑक्सिजनवर असलेल्या या बाळांसाठी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ टक्के हवं असतं. शंभर दिसलं की आपल्याला बरं वाटतं, आणि सिस्टर मात्र येऊन ऑक्सिजन कमी करतात. ते बरोबर आहे, जास्तीच्या ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होते. अलार्म झाला की आधी बाळाकडे बघा: रंग कसा आहे, छाती हलते का. मग पडद्यावरची लाट बघा. ती सपाट किंवा वेडीवाकडी असेल तर बहुधा पायाचा सेन्सर सैल झालाय. बाळाचा रंग बदलला, छाती थांबली तर सिस्टरना हाक मारा आणि त्यांनी शिकवलं असेल तर तळव्याला हलकेच टिचकी मारा. अलार्म बंद करायच्या बटणाला हात लावू नका. २० सेकंदांहून जास्त श्वास थांबणं याला ॲप्निया म्हणतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अपुरं असल्यामुळे ते होतं, ३४ आठवड्यांच्या आसपास बहुतेकांचं कमी होतं आणि तोवर श्वासाला चालना देणारं कॅफिन हे औषध देतात. दिवसाला दोन-तीन वेळा होणारं ॲप्निया अचानक आठ-दहा वेळा झालं, तर मात्र त्याचा अर्थ बरेचदा संसर्ग असतो. असा बदल रोज बघणाऱ्या आईच्या नजरेत लवकर येतो. "आज जरा मऊ पडलंय, रंग फिकट वाटतोय, पोट काल असं नव्हतं" हे बोलून दाखवायला संकोच करू नका.

त्यासाठीच एक वही ठेवा. रोज एकच ओळ: तारीख, गर्भवय (२८ आठवडे अधिक ९ दिवस, म्हणजे आज २९ आठवडे २ दिवस), वजन, दूध किती मिली आणि किती वेळा, बाळाला दिल्या जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती टक्के (मॉनिटरवरचं सॅच्युरेशन नव्हे), ॲप्निया किती, कुठलं अँटिबायोटिक आणि त्याचा कितवा दिवस. यात सगळ्यात बोलका आकडा ऑक्सिजनच्या टक्क्याचा. साध्या हवेत २१ टक्के असतो. २५ वरून २१ कडे जाणारं बाळ चांगलं चाललंय, काल २३ आणि आज ३५ असेल तर विचारायला हवं. "बाळ कसं आहे?" या प्रश्नाला "स्टेबल आहे" एवढंच उत्तर मिळतं. "कालच्यापेक्षा आज काय बदललं? आज कशावर लक्ष ठेवताय? दूध उद्या वाढणार का?" असं विचारलं तर खरं बोलणं होतं. घरच्या सात जणांनी सात फोन करण्यापेक्षा एकाने विचारून बाकीच्यांना कळवावं.

वजनाच्या आकड्याने फार छळ होतो. पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या दहा-पंधरा टक्के घट होते आणि ती दहा ते चौदा दिवसांत भरून निघते. पुढे किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ हवी. पण एका दिवशी ३० ग्रॅम वाढ आणि दुसऱ्या दिवशी १० ग्रॅम घट हे नळी, लघवी, शी, काट्यातला फरक यांमुळेही होतं. चार दिवसांचा कल बघा. शेजारच्या पेटीतल्या बाळाशी तुलना करायची नाही. ३२ आठवड्यांचं बाळ तीन आठवड्यांत घरी जाईल आणि तुमचं नाही जाणार.

कशाची भीती कधी असते हे ठाऊक असलं की दर दिवशी सगळ्याची भीती वाटत नाही. मेंदूतला रक्तस्राव बहुतांशी पहिल्या ७२ तासांत होतो. तुमचे ते दिवस गेले. पहिल्या आठवड्यातल्या डोक्याच्या सोनोग्राफीत काय दिसलं आणि पुढची कधी, हे विचारून वहीत लिहा. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात संसर्ग आणि एनईसी: पोट फुगणं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, अचानक सुस्ती. अशा वेळी दूध बंद करून सलाइनवर ठेवतात, कधी दोन दिवस तर कधी दहा. दूध बंद झालं तरी आईने पंप बंद करायचा नाही. ३६ आठवड्यांनाही ऑक्सिजन लागत असेल तर फुप्फुसांचा जुनाट त्रास, बीपीडी, असं निदान होतं आणि मुक्काम लांबतो.

आणि डोळे. यावर थांबून सांगतो, कारण पूर्ण वाचवता येण्यासारखी दृष्टी इथे एका चुकलेल्या तारखेमुळे जाते. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची आरओपीसाठी, म्हणजे वेळेआधी जन्मल्याने डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या आजारासाठी, तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी; १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळाची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. म्हणजे तुमची तारीख जवळ आली आहे, आजच विचारा. डोळे बाहेरून अगदी छान दिसतात, बाळ दिव्याकडे बघतं, आणि आत पडद्यावर वेड्या रक्तवाहिन्या वाढत असतात. एकच तपासणी पुरत नाही. रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात, बरेचदा घरी गेल्यानंतरही. उपचार लागले, म्हणजे लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन, तर ते ४८ ते ७२ तासांत करायचे असतात. "पुढच्या सोमवारी येतो" चालत नाही. तपासणीनंतर पापण्या सुजतात, बाळ थोडा वेळ चिडचिडं होतं, एखादं ॲप्नियाही होऊ शकतं. तेवढं सोसायचं.

पैशाचं आधीच बघा, बिल वाढल्यावर नाही. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत, रुग्णवाहिकाही. खासगी ठिकाणी असाल तर ते रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, धर्मादाय आहे का ते पहिल्या आठवड्यातच विचारा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वैद्यकीय समाजसेवकाला भेटून उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड द्या. आरोग्य विमा असेल तर बाळ त्यात पहिल्या दिवसापासून आहे की ९० दिवसांनंतर, ते वाचा. दुसरीकडे हलवायचं ठरलंच तर बाळ स्थिर असताना, तिकडे खाट आणि सीपॅप असल्याचं फोनवर पक्कं करून, ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटरमधून. आईची नोकरी असेल तर मातृत्व रजा २६ आठवड्यांची आहे, आणि वेळेआधी बाळंत होण्यातून आजारपण आलं तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. जन्मनोंद २१ दिवसांत करा. नावाशिवाय होते, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यामुळे बारसं अडत नाही.

आईचं स्वतःचं बीपी बाळंतपणानंतरही काही आठवडे वर राहू शकतं. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं ही थकव्याची लक्षणं समजू नका, बीपी मोजा. दोन आठवड्यांहून जास्त रडू, बाळाजवळ जायची इच्छा न होणं, वेळ असूनही झोप न लागणं हेही सांगण्यासारखंच आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. वडिलांचंही खचणं असतं. ते बिलाच्या रांगेत दिसत नाही.

घरी जायची तयारी साधारण ३२ आठवड्यांपासून सुरू होते. आधी आईच्या दूध काढून रिकाम्या केलेल्या छातीला नुसतं लावणं, मग बोंडल्याने, मग अंगावर. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो. बोंडल्याने पाजताना बाळ जवळपास उभं धरा, बोंडल्याचं टोक खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवा, आणि बाळाला चाटू-पिऊ द्या. घशात ओतलं तर दूध फुप्फुसात जातं. १५-२० मिनिटांत बाळ दमलं तर उरलेलं नळीने. नळी निघाल्यावर दोन-तीन दिवस वजन थबकतं, कारण पिणं ही त्याच्यासाठी मेहनत आहे. बाटलीची घाई करू नका.

सहा आठवड्यांच्या लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, बाळ रुग्णालयात असलं तरी. त्यानंतर ४८ तास ॲप्निया थोडं वाढू शकतं, म्हणून त्या तिथेच मॉनिटरखाली झालेल्या बऱ्या. ऐकण्याची तपासणी घरी जाण्याआधी, आणि एनआयसीयूतल्या बाळांसाठी ती बेराने, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणाऱ्या तपासणीने, करून घ्या.

डिस्चार्जसाठी वजनाचा आकडा प्रत्येक विभागाचा वेगळा, बहुधा १६०० ते १८०० ग्रॅम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सलग तीन दिवस वजन वाढणं, पेटीशिवाय अंग गरम राहणं, सगळं दूध तोंडाने घेणं, आणि कॅफिन बंद केल्यावर पाच ते सात दिवस एकही ॲप्निया नसणं. कॅफिन अंगातून जायलाच बरेच दिवस लागतात. "औषध परवा बंद झालं, बाळ छान आहे, मग आज सोडा" असा आग्रह धरू नका. शेवटचे दोन दिवस आईने बाळासोबत राहून सगळी औषधं स्वतः देऊन बघावीत. लोह आणि डी जीवनसत्त्वाच्या थेंबांच्या बाटल्यांत एका मिलीत किती औषध आहे ते कंपनीप्रमाणे बदलतं. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर डोस मिलीमध्ये पुन्हा विचारून घ्या.

घरी आल्यावर आजीशी बोलणं करावं लागेल आणि ते डिस्चार्जच्या आधी झालेलं बरं. घुटी, मध, ग्राइपवॉटर, काजळ, कानात-नाकात तेल नको. धुरी आणि शेगडी तर मुळीच नको, इतके दिवस सीपॅपवर राहिलेल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. मोहरीची उशी नको, झोळीत मान दुमडते म्हणून झोळी नको. वॉर्डात बाळाला पालथं झोपवलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते मॉनिटर असल्यामुळे. घरी उताणंच, सपाट गादीवर. खोली २५ ते २८ अंश, पाय पोटाइतकेच गरम लागायला हवेत. गार लागले तर आणखी गोधड्या घालण्यापेक्षा छातीशी घ्या. दूध दर दोन-तीन तासांनी, झोपलेलं असलं तरी उठवून. आंघोळीऐवजी दोन-अडीच किलो होईपर्यंत पुसून काढा.

दूध न घेणं, अंग गार पडणं, मिनिटाला साठहून जास्त श्वास किंवा बरगड्या आत ओढल्या जाणं, निळसर ओठ, हिरवी उलटी, झटके, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट न बघता १०८ला फोन. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, डोळ्यांच्या तारखा आणि ती वही एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

लसी सोडून पुढचं सगळं करेक्टेड वयाने मोजायचं, म्हणजे अपेक्षित तारखेपासून. तुमच्या बाळाचे बारा आठवडे वजा होतील. सहा महिन्यांचं झालं तरी ते तीन महिन्यांचंच धरायचं, दोन वर्षांपर्यंत. मान धरणं, बसणं, हसणं त्याच हिशेबाने बघा, आणि त्यातही मागे वाटलं तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, डीईआयसीत, दाखवा. तिथे फिजिओथेरपी, कान, डोळे एकाच जागी बघतात. उष्टावणही करेक्टेड सहा महिन्यांच्या सुमाराला, मान नीट धरायला लागल्यावर. नातेवाइकांनी जन्मतारखेवरून मुहूर्त काढला असेल तर तो पुढे ढकला.